डॉक्टर मोबाईलमध्ये, मोबाईल गेटवर जमा

"काय हो सुनंदाताई, तुमच्या शेठनी म्हणे डॉक्टर विकत घेतला?"

मंगलवहिनी, भिंतीपलीकडून. आमच्या सिडकोतल्या रो हाऊसच्या मधल्या भिंती जेमतेम छातीएवढ्या. धुणं वाळत घालता घालता शेजारच्या फोडणीत हिंग पडला की नाही तेही कळतं. तिथं शेठची बातमी किती दिवस झाकून राहणार!

"विकत नाही, भाड्यानं. आणि तेही अजून ठरलेलं नाही. पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ह्यांना कळलं कॅन्टीनमध्ये. तुमच्याकडचा तो फिटर नाही का, त्याचा मेव्हणा ह्यांच्या लाइनवर आहे."

अंबड एमआयडीसीत माणसाला गेटपास लागतो, बातमीला लागत नाही. मग काय, बादली खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. मागच्या आठवड्यात टाय लावलेला एक पोरगा शेठच्या केबिनमध्ये आला, लॅपटॉप उघडला आणि तासभर बोलला. मोबाईलवर ॲप, ॲपमध्ये डॉक्टर. रात्री-बेरात्री केव्हाही व्हिडिओ कॉल लावा, फी शून्य. साधा डॉक्टर वेगळा, कातडीचा वेगळा, बायकांचा वेगळा, मनाचा वेगळा. कामगार, त्याची बायको आणि दोन पोरं एवढ्यांचं एकाच पैशात. आई-वडिलांचे जादा.

"सासूचे जादाच पडतात हो सगळीकडे," वहिनी आवाज बारीक करून म्हणाल्या. त्यांच्या सासूबाई खिडकीशी बसून मटार सोलत होत्या.

"पैसे माणशी. केटररचं असतं तसं. कुणी जेवो न जेवो, ताटं मोजून बिल."

"मग तुमचे शेठ हो कसे म्हणाले?"

"म्हणाले कुठं? पोरानं पडद्यावर दाखवलं, दवाखान्याचा खर्च कमी होईल, खाडे कमी होतील, माणसं सोडून जाणार नाहीत. शेठनी चहा मागवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, मॅडम, हिशोब काढा."

शेठना कशाचा मोह झाला की हिशोब माझ्याकडे येतो. नाही म्हणायची वेळ आली तर नाव माझं घालता येतं ना.

तेवढ्यात कोपऱ्याच्या भिंतीवरून नाना डोकावले. नाना म्हणजे उभं आयुष्य कंपाउंडरकी केलेला माणूस. त्यांचे डॉक्टर गेले, दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आलं, पण नाना अजून प्रत्येकाची जीभ बघतात.

"डॉक्टर भाड्यानं!" नाना कात्री हलवत म्हणाले. "अगं, आमचे डॉक्टर पेशंट पायरी चढताना चालीवरून अर्धं दुखणं ओळखायचे."

"आणि उरलेलं अर्धं तुमच्या लाल औषधानं बरं व्हायचं," वहिनी म्हणाल्या.

"हसा तुम्ही. पण पोटावर हात ठेवल्याशिवाय अपेंडिक्स कळतं का? कान दुखतोय म्हणणाऱ्या पोराच्या कानात बघायला नको?"

नानांचं काही चूक नव्हतं. पण वहिनींकडे ताजा दाखला होता. त्यांचा मुलगा हिंजवडीला. त्याच्या कंपनीनं असलंच ॲप कधीचं दिलेलं आहे. दिवाळीत आला तेव्हा वहिनींनी विचारलं, तर म्हणे, आहे का? मेल आला असेल. पगाराच्या कागदावर वर्षाचं पॅकेज लिहितात त्यात असल्या दहा गोष्टी असतात, पोरं शेवटचा आकडा बघतात आणि कागद बंद करतात. सून मात्र हुशार. बाळाच्या मानेवर, पाठीवर रात्री दोनला पुरळ उठलं, तिनं ॲप उघडलं. डॉक्टरबाईंनी बाळाला दिव्याखाली धरायला सांगितलं, अंगात ताप आहे का, दूध पितंय का, रडणं नेहमीसारखं आहे का, एवढं सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, घामोळं आहे, पावडर थापू नका, सुती सैल झबलं घाला. दहा मिनिटांत सगळे झोपले.

"नाहीतर त्या रात्री बाळाला दुपट्यात गुंडाळून गाडी काढली असती दोघांनी," वहिनी म्हणाल्या. "आणि दवाखान्यात नेऊन दुसऱ्यांचा खोकला घेऊन आले असते."

"तुझ्या सासूचं सांग ना," नाना म्हणाले. त्यांना ती गोष्ट पाठ होती, पण पुन्हा ऐकायची होती.

सासूबाईंचा गुडघा. नातवानं सुट्टीत आजीला ॲपवर बसवलं. आजीनं आधी पातळ बदललं. मग डोक्यावरून पदर घेतला, कारण डॉक्टर पुरुषमाणूस. कॅमेऱ्यात नुसता पदर आणि कपाळ. डॉक्टर म्हणाला, माताजी, घुटना दिखाइए. आजीनं नातवाकडे असं बघितलं की त्यानं फोन आपल्याकडेच फिरवला. शेवटी डॉक्टरनं एक्स-रे काढायला सांगितला, आजीनं दोन दिवस फोनला पाठ केली, आणि तिसऱ्या दिवशी त्रिमूर्ती चौकातल्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन गुडघा दाबून घेतला. त्यांनीही एक्स-रेच सांगितला. तो मात्र लगेच काढला.

"ऐकू येतंय मला," आतून आवाज आला. मटार सोलणं थांबलं नव्हतं.

नाना आता रंगात आले. म्हणाले, हे फोनवरचं डॉक्टरकीचं प्रकरण पूर्वी फार धास्तीचं होतं. 2018 साली मुंबई हायकोर्टाचा एक निकाल आला, फोनवरून औषध सांगण्यावर बोट ठेवलेलं होतं, तेव्हापासून त्यांचे डॉक्टर फोनवर 'दवाखान्यात या' एवढंच बोलायचे. मग करोना आला. 25 मार्च 2020, लॉकडाऊनचा पहिलाच दिवस, आणि त्याच तारखेला सरकारनं टेलिमेडिसिनची नियमावली काढली. तेव्हा कुठं डॉक्टरांच्या जिवात जीव आला. चिठ्ठीवर डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर हवा. अंमली वर्गातली औषधं फोनवरून लिहायची नाहीत. काही औषधं पहिल्यांदा लिहायची तर आधी व्हिडिओवर तोंड बघायचं. यंत्रानं आपोआप औषध सुचवलं, असं चालणार नाही, पुढे माणूस डॉक्टरच हवा. आणि डॉक्टरला वाटलं की हे फोनवर निभणार नाही, तर त्यानं सरळ म्हणायचं, समोर या.

"म्हणजे नियम बरे आहेत," मी म्हटलं.

"नियम बरे आहेत. दहा मिनिटांत चार पेशंट उरकायचे म्हटलं की नियम कुठं जातात ते मी दवाखान्यातही बघितलंय."

हे नानांनीच म्हणावं! पण म्हणाले खरं.

मी मात्र हिशोबात अडकले होते. आमच्याकडे कायम माणसं ऐंशी. पोरानं सांगितलेला भाव भिंतीवर बसून सांगणार नाही, नाहीतर उद्या कॅन्टीनमध्ये जाईल. धरून चालू, वर्षाला माणशी हजार. म्हणजे ऐंशी हजार. लाइट बिलाच्या मागच्या बाजूला मी आकडे मांडले आणि वहिनींना दाखवले. समजा दहाच माणसांनी वर्षात चार-चार वेळा फोन लावला. चाळीस फोन. एका फोनला शेठचे दोन हजार रुपये पडले.

"अगं बाई! आणि त्रिमूर्ती चौकात दोनशे घेतात, इंजेक्शनसकट."

"चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. पण ऐंशीच्या ऐंशी घरांनी पाच-पाच वेळा वापरलं तर चारशे फोन होतात, म्हणजे फोनला दोनशे. मग चौकातल्या भावात बसतं."

"इंजेक्शन सोडून," नाना म्हणाले.

"नाना, इंजेक्शन!" वहिनी म्हणाल्या. "लोखंड लागून हात कापला तर धनुर्वाताचं इंजेक्शन ॲप देणार आहे का? ह्यांच्या कंपनीत दवाखान्याची खोली आहे, नर्स आहे."

ते खरंय. कायद्यानं कारखान्यात पाचशेच्या वर कामगार असतील तर तशी खोली ठेवावीच लागते; दीडशे माणसांमागे एक प्रथमोपचार पेटी तर सगळ्यांनाच. आम्ही ऐंशी, आमच्या वाट्याला पेटी. तिची किल्ली स्टोअरकीपरकडे. त्यात काय आहे ते त्यालाही नीट सांगता येणार नाही.

मग मी हाफ डेचा हिशोब काढला, कारण खरा पैसा तिथं आहे. अठरा हजारांचा माणूस. पगाराला सव्वीसनं भागलं की दिवस निघतो, सहाशे ब्याण्णव. हाफ डे तीनशे शेहेचाळीस. अंगात ताप आहे म्हणून माणूस दवाखान्यात गेला तर डॉक्टरचे दोनशे, रिक्षाचे जे काय ते, आणि वर हाफ डे. त्याऐवजी जेवणाच्या सुट्टीत फोनवर काम झालं तर हाफ डे वाचला. ऐंशी हजारांना तीनशे शेहेचाळीसनं भागा, साधारण दोनशे एकतीस हाफ डे. म्हणजे माणशी वर्षाला तीन हाफ डे वाचले तर ॲपचे पैसे वसूल. तीन काही फार नाहीत, मला वाटलं जमलं. शेठला हेच नेऊन दाखवणार होते.

वहिनींनी लाइट बिल उलटसुलट करून बघितलं. नवऱ्यानं सुपरवायझरकी केलेल्या घरातली बाई. खाड्याचा विषय निघाला की तिला फसवता येत नाही.

"हाफ डे झाला की तुम्ही पगार कापता?"

"कापते की. सुट्टी शिल्लक नसेल तर बिनपगारीच."

"मग वाचलेले तीनशे शेहेचाळीस कुणाचे? फिटरचे. शेठचे कसे?"

बोलतीच बंद झाली माझी. पगारपत्रक मी करते आणि ही गोष्ट ती भिंतीवरून सांगते! बिनपगारी हाफ डे वाचला तर पैसे कामगाराच्या खिशात राहतात. शेठचं काय वाचतं? मशीन बंद राहत नाही, डिस्पॅच चुकत नाही, ते वाचतं. पण ते पगारपत्रकात दिसत नाही, आणि सगळ्या मशीनवर सारखंही नसतं. एका ऑपरेटरवाचून सीएनसी अडतं, दुसऱ्या जागी हेल्पर निभावून नेतो. तेव्हा ॲप शेठला 'परवडतं' म्हणून विकणारा पोरगा कामगाराचे पैसे शेठच्या वहीत जमा करत होता.

"मग मला सांगा," वहिनी म्हणाल्या, "तो हजार रुपये हातात का नाही देत? ज्याला ज्या डॉक्टरकडे जायचं त्याच्याकडे जाईल."

"तसं होतं की पूर्वी," नाना म्हणाले. "मार्च लागला की लोक दवाखान्याच्या पायरीवर बिलांसाठी रांग लावायचे. वर्षभर सर्दी न झालेला माणूससुद्धा!"

हो, ती पंधरा हजारांची भानगड. कंपनीनं दवाखान्याचे पैसे बिलं घेऊन परत केले तर वर्षाला 15,000 पर्यंत कर लागत नसे. माझ्या टेबलावर मार्चमध्ये मेडिकलच्या बिलांचा ढीग, त्यात च्यवनप्राश, त्यात शाम्पू, एकदा तर बाटलीबंद गुलाबपाणी. 2018-19 पासून ते गेलं, प्रवासभत्त्याची सवलतही गेली, आणि दोन्हीच्या बदल्यात 40,000 ची सरसकट वजावट आली. माझं टेबल मोकळं झालं. पण त्या पंधरा हजारांत एक बरं होतं, डॉक्टर कुठला ते माणूस ठरवायचा. ॲपमध्ये डॉक्टर कुठला ते ॲप ठरवतं. आणि लॅबही. पोरगा दोनदा म्हणाला, रक्ततपासणीवर भरपूर सूट. नानांनी भुवई उडवली. "तपासण्या लिहिणारा आणि तपासण्या विकणारा एकाच छपराखाली. पुढचं मी बोलत नाही."

रोख हजाराचं मात्र मला पटत नाही, आणि ते मी वहिनींना तोंडावर सांगितलं. पगारात आलेले हजार सिलिंडरला जातात, क्लासच्या फीला जातात. आपली माणसं दुखणं अंगावर काढण्यात पटाईत. बाईमाणूस तर विचारूच नका. पाळीचा त्रास, लघवीची जळजळ, यासाठी कंपनीतून हाफ डे मागायचा म्हणजे कारण सांगावं लागतं, आणि सुपरवायझर पुरुष. आमच्या पॅकिंगमधल्या बायका असलं दुखणं महिनोन्‌महिने दडपतात. अशीला घरी दार लावून बाईडॉक्टरशी फोनवर बोलता आलं तर ती बोलेल. तो हिशोब लाइट बिलावर कसा मांडायचा ते सांगा मला.

गंमत म्हणजे शेठच्या धाकट्या मुलानं खर्च वाचण्याच्या मुद्द्यावरच त्या पोराला घेरलं होतं. धाकटा अमेरिकेतून शिकून आलाय, बोलतो कमी. त्यानं विचारलं, कॅलिफोर्नियाचा अभ्यास वाचलाय का? पोरगा टाय सैल करायला लागला. तिकडच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत फोनवरच्या डॉक्टरची सोय होती. सर्दी, घसा, खोकला, सायनस असल्या दुखण्यांचे तीन लाखांवर लोकांचे हिशोब संशोधकांनी तपासले आणि 2017 मध्ये छापले. एका फोनचा खर्च 79 डॉलर, दवाखान्यात गेलं की 146. म्हणजे निम्म्यात काम. तरी एकूण खर्च वाढला, वापरणाऱ्यामागे वर्षाला 45 डॉलर.

"असं कसं? स्वस्त झालं आणि खर्च वाढला?" नाना.

"कारण शंभरातले बाराच फोन दवाखान्याच्या ऐवजी झाले होते. बाकी अठ्ठ्याऐंशी जादाचे. फोन नसता तर ते लोक कुठेच गेले नसते, घरी काढा पिऊन बसले असते."

नाना खूश. "बघ! सर्दीला औषध घेतलं तर सात दिवस, नाही घेतलं तर एक आठवडा."

धाकट्याचं म्हणणं तेच पडलं, की सोय झाली की वापर वाढतो, बचत होत नाही. आकडे खरेच आहेत, त्यावर वाद नाही. पण मला एक खटकतं. ते अठ्ठ्याऐंशी सर्दीवाले होते. सर्दी जाते. आपल्याकडे अंगावर काढतात ती शुगर असते, बीपी असतं, पॅकिंगमधल्या बाईचं पांढरं जाणं असतं. तिथं जादाचा फोन झाला तर मी त्याला उधळपट्टी म्हणणार नाही. खर्च वाढेल, कबूल. माणसं डॉक्टरकडे जायला लागली की खर्च वाढतोच.

वहिनींच्या ह्यांचंच घ्या. शुगरचा माणूस. दर महिन्याला रिपोर्ट दाखवायचा, गोळी तीच की कमी-जास्त एवढं विचारायचं, आणि त्यासाठी दवाखान्यात दोन तास बाकावर. आता त्यांच्या कंपनीच्या ॲपवर रिपोर्टचा फोटो टाकतात, डॉक्टर बघतो, पाच मिनिटांत चिठ्ठी येते. मध्ये तर त्यांच्या लाइनवरच्या एकाला जळजळ होत होती, ॲसिडिटी समजून त्यानं थर्ड शिफ्टहून आल्यावर फोन लावला. डॉक्टरनं विचारलं, घाम येतोय का, डाव्या हाताला जडपणा आहे का. तो हो म्हणाला. डॉक्टर म्हणाला, माझ्याशी बोलत बसू नका, आत्ता उठा, कुणालातरी बरोबर घ्या आणि ईसीजी काढा. ॲसिडिटी नव्हती ती. दुसऱ्या दिवशी स्टेंट बसला. घरी असता तर सोडा पिऊन झोपला असता, असं त्याची बायको सगळ्या गल्लीला सांगते.

नाना यावर गप्प होते. कात्रीनं उगाच एक वाळकं पान कापलं.

आता आमच्या ऐंशीची गोष्ट. त्यातले पंचेचाळीस इएसआयमध्ये. महिना 21,000 पर्यंत पगार असेल तर इएसआय लागतं, 2017 पासून ही मर्यादा हललेली नाही. अठरा हजारांवर कामगाराचे पाऊण टक्का म्हणजे 135 रुपये, मालकाचे सव्वातीन टक्के म्हणजे 585. महिन्याला 720, वर्षाला 8,640 एका माणसामागे. मी दर महिन्याला चलन भरते. त्यात त्याचा, बायकोपोरांचा, अवलंबून असलेल्या आई-वडिलांचा दवाखाना आला, भरती झाला तर इस्पितळ आलं, आजारपणात सत्तर टक्के पगार आला, वर्षात 91 दिवसांपर्यंत. आणि तो पगार मिळवायला इएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. ॲपवरच्या डॉक्टरची चिठ्ठी तिथं काय कामाची? म्हणजे पंचेचाळीस माणसांसाठी माणशी 8,640 भरल्यावर वर आणखी हजार.

"आणि बाकीचे पस्तीस?"

बाकीचे पस्तीस म्हणजे खरी अडचण. पगार एकवीस हजार पाचशे झाला, पोरानं पेढे वाटले, सहामाही संपली आणि इएसआय सुटलं. कंपनीचा मेडिक्लेम आहे, पण तो भरती झालं तर. ताप, खोकला, बीपीची गोळी, पोराचा कान, सगळं खिशातून. बाहेर बघता त्याची बढती झाली, घरात बघता दवाखाना गेला. ॲप घ्यायचंच तर आधी या पस्तीस घरांसाठी घ्या, असं माझं मत. पोरगा मात्र 'सगळे ऐंशी' यावर अडून होता. का नाही अडणार, पंचेचाळीस ताटं कुणी बसायच्या आधीच वाढलेली!

"सरकारी पण आहे ना फुकट?" वहिनींनी विचारलं. "आशाताई सांगत होत्या."

ई-संजीवनी. करोनाच्या पहिल्या लॉकडाऊनमध्ये घरबसल्या सल्ल्यासाठी सुरू झाली, मोहालीच्या सी-डॅकनं बांधलेली, 2023 च्या फेब्रुवारीत तिच्यावर दहा कोटी सल्ले झाले होते. पैसा पडत नाही. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस, 14416, ऑक्टोबर 2022 पासून, तेही फुकट, तेही दिवसरात्र. आमच्या नोटीस बोर्डावर काय आहे? 'लाथ मारून दरवाजा उघडू नये.' फुकट आहे ते कुणाला माहीत नाही, आणि विकत घेऊन दिलेलं कुणी वापरत नाही.

"मनाचं म्हणशील तर," वहिनी जवळ आल्या, "माझा मुलगा म्हणतो, त्यांच्याकडे कुणी त्या खिडकीला हातच लावत नाही. झोप येत नाही, कामावर जाववत नाही, हे बोलायला गेलं आणि एचआरला कळलं तर? बढतीच्या वेळी काढतील."

हे फॅक्टरीतही आहे, फक्त वेगळ्या नावानं. प्रेसवर काम करणाऱ्याला फिट येते हे तो बायकोशिवाय कुणाला सांगत नाही, कारण प्रेसवरून काढलं तर भत्ता गेला. मी त्या पोराला विचारलं, महिन्याचा रिपोर्ट आम्हाला काय द्याल? म्हणाला, मॅडम, पूर्ण डॅशबोर्ड! कुणी किती वेळा, कुठल्या डॉक्टरला. मी म्हटलं, तो डॅशबोर्ड आधी काढा. आम्हाला एकूण फोन किती झाले तेवढं पुरे. 2023 चा माहिती-संरक्षणाचा कायदा राहू दे बाजूला, साधी गोष्ट आहे. आमचे सुपरवायझर चहाच्या टपरीवर काय काय बोलतात ते मी ऐकते.

"सगळं ठीक," नाना म्हणाले, "पण तुमच्याकडे मोबाईल गेटवर जमा करतात ना?"

झालं! हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. शेठच्या नाही, धाकट्याच्या नाही, पोराच्या तर नाहीच. शॉप फ्लोअरवर मोबाईल बंद. गेटवर लाकडी खण आहेत, नंबर लावून ठेवायचा, सुटताना घ्यायचा. दिवसाचे आठ तास, ओव्हरटाइम असला तर बारा, डॉक्टर खणात. आणि खणातून काढला तरी बोलायचं कुठं? पत्र्याची शेड, प्रेसचा आवाज, रेंजची बोंब. जेवणाच्या सुट्टीत चौघांच्या देखत 'संडासला साफ होत नाही' म्हणून कोण डॉक्टरला सांगेल?

स्टोअरमागे एक खोली आहे, जुन्या रजिस्टरांची. तिला दार आहे, कडी आहे, खिडकीपाशी रेंज येते. रजिस्टरं वर माळ्यावर टाकली तर एक खुर्ची आणि टेबल बसेल.

सोमवारी मी शेठपुढे एकच कागद ठेवला. फुकटच्या दोन्ही सोयी मराठीत नोटीस बोर्डावर. स्टोअरमागची खोली, सुट्टीत तिथं मोबाईल चालेल, नाव लिहायचं नाही. ॲप घ्यायचं तर माणशी नको, झालेल्या फोनमागे पैसे. त्याला तयार नसतील तर पस्तीस घरांचंच वर्षभर घेऊन बघू. रिपोर्टमध्ये नावं नकोत. मराठी बोलणारा डॉक्टर हवा. आणि खाली लिहिलं, खर्च वाचेल असं समजून घेऊ नये, घ्यायचं तर कामगारांना द्यायचं म्हणून घ्यावं.

"काय म्हणाले?" वहिनी पुन्हा भिंतीशी.

"नोटीस बोर्डावर टिक केली. खोलीवर टिक केली. पोराला फोन लावला, तो फोनमागे पैशाला नाही म्हणाला, पण पस्तिसावर आला. भाव वाढवून. धाकटा त्याच्याशी घासाघीस करतोय."

"आणि कॉन्ट्रॅक्टची पोरं?"

ती ओळ मी शेवटी लिहिली होती. चाळीसेक पोरं आहेत ठेकेदाराची, ऐंशीत धरलेली नाहीत. खोलीवर पाच-पाच जण राहतात, गावाकडून आलेले, ओळखीचा डॉक्टर नाही, एक खाडा झाला की दिवस गेला. त्यांचं इएसआय ठेकेदार भरतो; कागदावर तरी. पण त्यातल्या निम्म्यांना आपला नंबर ठाऊक नसतो, कार्ड बघितलेलं नसतं.

"त्या ओळीवर शेठ म्हणाले, बघू."

शेठचं 'बघू' म्हणजे काय ते अख्ख्या अंबडला माहीत आहे. वहिनींनी पदर खोचला, आत कुकरची शिट्टी झाली तरी हलल्या नाहीत.

"त्या ठेकेदाराची बायको माझ्या भिशीत आहे," त्या म्हणाल्या. "शनिवारी नंबर तिचाच आहे. कार्डांचं विचारते."